दोर नाही, खिळा नाही

लोला बिरांगच्या स्वयंपाकघरात इस्का घरून आणलेल्या पितळी खलबत्त्यात वडिलांचा विडा कुटत होती. पान, सुपारी, चुन्याचं बोट. दात गेल्यापासून ताता उस्तिंगना सगळं कुटूनच लागे. बाहेरच्या खोलीत जपमाळेची प्रार्थना संपून माणसं पाय मोकळे करत होती आणि त्यांच्या वजनानं बांबूच्या पट्ट्यांची जमीन करकरत होती. मग कुलासचा आवाज आला, "चला ताता, सुरू करा आता," आणि इस्काचा हात थांबला.

"आधी विडा तरी येऊ दे," वडील म्हणाले.

"विडा येईल हो. घाई कुणाला आहे? लोला बिरांग काही उठून जात नाही."

माणसं हसली. लोला बिरांगला त्याचं वाईट वाटलं नसतं. खोलीच्या मधोमध, फळ्यांच्या पेटीत, ठेवणीतला निळा झगा घालून आणि बोटांना जपमाळ गुंडाळून म्हातारी शांत पडली होती, आणि भाजलेल्या कलिंगडाच्या बियांची ताटली तिच्यावरूनच या हातातून त्या हातात जात होती. उद्या सकाळी तिला चर्चमागे पुरायचं होतं. म्हणजे कोडी घालायची ही शेवटची संध्याकाळ. परवा इस्काला मागणी घालणाऱ्या देल्फिनची बोट पालावान बेटाकडे सुटणार होती, आणि आज तिच्या वडिलांच्या कोड्याचं उत्तर सापडलं नाही तर ती इस्काला न घेताच सुटणार होती.

एरवी पोरासोरांची कोडी वाडीत कुठंही चालत, भात कांडताना, जाळी विणताना. पण मोठी, पैजेची कोडी घालायची ती मयताच्या जागरणातच. मेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही, त्याच्यापाशी बसून डोळे मिटायचे नाहीत, म्हणून कोडी. हरला त्यानं गुडघे टेकून मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणायची. जिंकला त्यानं पुढचं कोडं घालायचं. आणि मयतासमोर जे बोललं ते बोललं. मेलेलं माणूस तो शब्द बरोबर घेऊन जातं, मग मागे राहिलेल्यानं तो परत कुणाकडून मागायचा? मयतासमोर खोटं बोललेल्या एका माणसाची जीभ सुजून तोंडात मावेनाशी झाली होती, असं वाडीत सांगत. त्या माणसाला कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास होता.

ताता उस्तिंग या खेळातले राजे. आसपासच्या वाड्यांतही कुणी गेलं की पाद्र्याच्या आधी त्यांना निरोप जाई. ते कधी हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खुद्द बायकोच्या जागरणातही ते खांबाला टेकून बसले होते आणि आलेल्या प्रत्येक कोड्याचं उत्तर देत होते. तेव्हा इस्काची वेणी कमरेखाली पोचत होती. पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आपल्या बापाला घेऊन आला होता आणि पेटीपाशी जरा जास्तच वेळ रेंगाळत होता. बापानं ताता उस्तिंगच्या कानाशी लागून काहीतरी म्हटलं. ताता उस्तिंग बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग मान न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"दोर नाही, खिळा नाही, कुलूप नाही, तरी घर सोडून जात नाही. काय ते? जो सांगेल त्याला माझ्या इस्काचा हात."

लोकांना वाटलं, चार दिवसांची गंमत आहे. तो मुलगा म्हणाला, चुलीचे दगड. ताता उस्तिंग म्हणाले, नाही, वादळात चूलही जाते. मुलगा म्हणाला, पाल. नाही. सुक्या मासळीचा वास. लोक हसले, ताता उस्तिंग हसले नाहीत. नाही. मुलगा आणखी एकदोन जागरणांना आला, मग कोडी न घालणाऱ्या एका सासऱ्याचा जावई होऊन मोकळा झाला. त्याच्यानंतर एक शिंपी आला, एक शाळामास्तर आला, एक विधुर दारूवाला आला. त्यातला मास्तर तर कागदावर उत्तरं लिहून आणत असे. सगळ्यांना तेच, नाही. पुढं पुढं कुणी येईनासं झालं आणि इस्काच्या कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागले. वाडीला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कोडं सुटत नाही त्याला कोण काय करणार?

इस्का कुणाला बोलून दाखवत नसे, पण तिला त्या घरात गुदमरायला होई. वडील वाईट नव्हते. तिच्यावर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. ते नुसते होते. सकाळी विडा, दुपारी विडा, संध्याकाळी विडा, आणि मधल्या वेळात "इस्का, कुठं आहेस गं?" ती विहिरीवर जरा रेंगाळली तरी हाक येई. दाराला कडी नव्हती, खांबांवरच्या त्या घराला शिडी कायम लावलेली असे, तरी ती कधी वाडीच्या टोकाच्या पुढं गेली नाही.

मग देल्फिन होड्या बांधायला आला. रुंद पंजांचा, कमी बोलणारा, बायको मलेरियानं गेलेला. तो तिच्याशी बोलताना लाकूड तासत असे, म्हणजे तिच्याकडे बघायला नको. इस्काला तो आवडला, इतका की स्वतःचीच भीती वाटली. आणि त्या दिवसापासून एक नवीनच त्रास सुरू झाला. कोडं सोडवायचं तर जागरण हवं, आणि जागरण हवं तर कुणीतरी मरायला हवं. कुणाचा खोकला ऐकू आला की तिचे कान टवकारत, आणि मग ती मनातल्या मनात स्वतःच्या तोंडात मारून घेई. लोला बिरांगनं अंथरूण धरलं तेव्हा इस्का तिच्यासाठी रोज आलं घातलेली पेज घेऊन जात असे. म्हातारीनं वाडगा रिकामा केला की तिला मनापासून बरं वाटे, कारण तिचा म्हातारीवर जीव होता. म्हातारी भारी खट. एकदा तोंडाशी आलेला चमचा हातानं अडवून म्हणाली,

"मी गेले की तुझं काम होईल, नाही गं?"

"काहीतरीच काय, लोला!"

"लाजतेस कशाला? मेल्यावर माणूस कुणाच्या उपयोगी पडत नाही. मी पडेन. तेवढं त्या देल्फिनला जरा डोकं वापरायला सांग."

आणि म्हातारी शब्दाला जागली. ती गेल्याचं कळलं तेव्हा इस्काच्या मनात पहिला विचार आला तो 'आता' असा. रडू त्याच्यानंतर आलं. हा क्रम इस्का स्वतःला माफ करू शकत नव्हती.

तिनं विडा केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. लोला बिरांगची सून चेडेंग तिथंच बसून पेजेचे वाडगे भरत होती. बाहेर ताता उस्तिंगनी सुरुवात केली होती.

"बेटावरचं माझं डुक्कर, अंगावर खिळ्यांचे केस."

"फणस!" दोन-चार पोरं एकदम ओरडली.

"माझ्या माशाचे खवले पोटात."

"मिरची!"

"वर आभाळ, खाली आभाळ, मधे पाणी."

"नारळ! ताता, ही काय कोडी झाली?" कुलास म्हणाला. "पाळण्यातल्या पोरांना घाला. खरं काढा, खरं."

ताता उस्तिंग खांबाला टेकून बसले होते, डोळे अर्धवट मिटून. कोडं घालताना ते नेहमी असेच बसत. उत्तर खिशात असलेल्या माणसाला घाई नसते. पण आता त्यांनी पाठ खांबापासून सोडवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते कोडं म्हटलं. दोर नाही, खिळा नाही, कुलूप नाही. खोलीतल्या सगळ्यांनी देल्फिनकडे पाहिलं.

देल्फिन अंगठ्यानं तळहात चोळत होता. त्यानं बराच विचार करून ठेवलेला असणार, कारण तो आल्यापासून कुणाशी बोलला नव्हता.

"घराचा मधला खांब," तो म्हणाला.

ताता उस्तिंग पुढं झुकले. ओठ किंचित हलले. मग हळूहळू मागं आले.

"खांब पुरलेला असतो. म्हणजे बांधलेलाच की. नाही."

"मग सासू!" कुलास ओरडला. "कुलूप लावा न लावा, जात नाही!"

खोलीत हशा पिकला.

"अरे मेल्या, ती बघ निघाली की!" चेडेंगनं स्वयंपाकघरातून पळी पेटीकडे रोखली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. तिनं डोळे पुसले आणि पुढचा वाडगा भरला. "तुला पेज मिळायची नाही आज," ती कुलासला म्हणाली.

देल्फिननं आणखी एकदा प्रयत्न केला. घरावर पडलेली झाडाची सावली, तो म्हणाला. ताता उस्तिंग पुन्हा पुढं झुकले, या वेळी जरा जास्तच, आणि सावली रात्री जाते हे सांगायला त्यांना थोडा वेळ लागला. मग देल्फिननं गुडघे टेकले, लोला बिरांगसाठी प्रार्थना म्हटली, आणि गुडघे झाडत शिडी उतरून खाली गेला.

इस्का खाली पाण्याच्या रांजणापाशी गेली तर तो तिथं अंधारात उभा होता.

"तू त्यांच्या घरात राहतेस," तो म्हणाला. "इतकी वर्षं. कधी झोपेत तरी बडबडले असतील."

"घरच्यानं घरचं कोडं विचारायचं नसतं."

"मला ठाऊक आहे. तरी म्हटलं."

"मी विचारलं एकदा. तातांग जेवले नाहीत दोन दिवस."

देल्फिननं नारळाच्या करवंटीनं पाणी घेतलं, प्यायला नाही, तसंच परत ओतलं.

"परवा पहाटे ये बोटीवर. कुणाला सांगू नको. पळून जाऊन लग्न केलेली माणसं काय जगत नाहीत का?"

"आईसमोर दिलाय शब्द त्यांनी."

"त्यांनी दिलाय. तू नाही."

"पण तो आहे माझ्यावर." इस्काला राग आला, त्याच्यावर की आणखी कुणावर ते तिला कळलं नाही. "मी गेले तर जन्मभर मागं वळून बघत बसेन. तुला अशी बायको चालेल?"

त्यानं करवंटी रांजणावर पालथी ठेवली. अशा वेळी खोटं बोलावं हे त्याला येत नव्हतं, आणि इस्काला तो त्यासाठीच आवडला होता.

"आणखी एकदा विचारतील ते, उठायच्या आधी," शेवटी तो म्हणाला. "पण माझं डोकं संपलं, इस्का. मला होडी बांधता येते. हे नाही येत."

ती वर आली. माणसं पेज पीत होती, तेवढ्यात तिनं वडिलांपुढं विडा ठेवला. ताता उस्तिंगनी चिमूट गालात धरली आणि तिच्या मनगटाला धरून तिला खाली वाकवलं.

"देल्फिन गेला का?"

"खाली आहे."

"आणखी काही सुचलंय का त्याला? बोलला का काही?"

"नाही."

ताता उस्तिंगनी लाल थुंकी गिळली. आजूबाजूला बघून आवाज आणखी खाली आणला.

"तो कुलास सासू म्हणाला ना? हसण्यावारी गेलं सगळं. पण मी विचार करतोय… बसेल का गं ते? नाही ना? ती एक दिवस जातेच. चेडेंग बरोबर बोलली. नाही बसत."

इस्का वाकलेली तशीच राहिली. वडिलांचे म्हातारे, पाणावलेले डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते, आणि त्यात नेहमीचं कोडं घालणाऱ्याचं हसू नव्हतं. ते तिला विचारत होते. खरंच विचारत होते.

तिच्या एकदम लक्षात आलं. खांबाला पाठ न टेकता बसणं. प्रत्येक उत्तराला पुढं झुकणं. शिंप्याच्या वेळी, मास्तराच्या वेळी, दारूवाल्याच्या वेळी तिनं ते पाहिलं होतं आणि तिला वाटलं होतं, वडील समोरच्याला पाडायला टपलेत. पण उत्तर ज्याच्याजवळ असतं तो कशाला पुढं झुकेल? तातांगना उत्तर ठाऊक नव्हतं. आज नव्हतं आणि त्या दिवशीही नव्हतं. बायको पेटीत पडलेली, मुलीला मागणारा माणूस कानाशी लागलेला, आणि तोंडाला आलं ते बोलून गेलेला एक घाबरलेला माणूस तिला दिसला. मग ते बोलणं परत घेता येईना. खोटंच कुठलं तरी उत्तर बरोबर म्हणावं तर मयतासमोर खोटं बोलता येईना. म्हणून ते एक एक उत्तर घेऊन, प्रामाणिकपणे घासून पुसून बघत होते, हे तरी बसतंय का, हे तरी. इतकी वर्षं.

ती मनगट सोडवून स्वयंपाकघरात आली आणि रिकाम्या खलबत्त्यात बत्ता आपटायला लागली.

"आत काही नाहीये गं त्यात," चेडेंग म्हणाली.

"ठाऊक आहे."

चेडेंगनं तिच्याकडे नीट बघितलं आणि पळी पुन्हा पेजेत घातली.

इस्काला संताप आला होता. उत्तर नसलेल्या कोड्यासाठी तिचे केस पांढरे झाले. दर वर्षी ती वडिलांच्या डोक्यात दडलेल्या कुठल्याशा गोष्टीला मनातल्या मनात हात जोडत आली, आणि तिथं काहीच नव्हतं, या खलबत्त्यासारखं. बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगावं असं तिला वाटलं. म्हाताऱ्याची आयुष्यभराची अब्रू एका वाक्यात गेली असती. मग तिला ते विचारतानाचे डोळे आठवले. 'बसेल का गं ते?' सोडवणारा कुणीतरी येईल म्हणून तीच वाट बघत होती असं नाही. त्या घरात दोघं जणं वाट बघत होती, एकाच पिंजऱ्यात, आणि एकमेकांना सांगत नव्हती. राग गेला नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं, आणि ते जास्त जड होतं.

बत्ता हातातच राहिला. बाहेर वाडगे गोळा होत होते. कुणीतरी पेट्रोमॅक्सला हवा मारली आणि खोली उजळली.

"उठायच्या आधी एकदा विचारतो," ताता उस्तिंग म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "दोर नाही, खिळा नाही, कुलूप नाही, तरी घर सोडून जात नाही. काय ते?"

देल्फिन शिडीच्या वरच्या पायरीवर बसला होता, पाय बाहेर सोडून. त्यानं वळून इस्काकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"हरलो, ताता."

देल्फिन गुडघे टेकायला उठला.

"थांब," इस्का म्हणाली. "मी सांगते."

सगळ्यांच्या माना वळल्या. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभी होती, हातात बत्ता घेऊन. मग तिनं उंबरा ओलांडला.

"घरच्यानं घरचं कोडं सोडवू नये," मागं भिंतीशी बसलेली एक म्हातारी पुटपुटली.

"का नाही सोडवू?" चेडेंग आतून म्हणाली. "हे घर माझं आहे. मयत माझ्या सासूचं आहे. तिला काही हरकत दिसत नाही."

"बरोबर आहे, लोला काही बोलली नाही," कुलास म्हणाला, पण हसला नाही.

ताता उस्तिंग मुलीकडे बघत होते. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. ते तिला गप्प बस म्हणतील असं इस्काला वाटलं, आणि ते म्हणाले असते तर ती गप्प बसली असती, हे तिला ठाऊक होतं. पण त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि सवयीनं पुढं झुकले.

"बोल."

"मी," इस्का म्हणाली.

ती ओरडली नाही. विडा तयार आहे, असं सांगावं तितक्याच आवाजात म्हणाली. तरी शिडीपाशी बसलेल्यांपर्यंत ते पोचलं. बाहेर समुद्राचा आवाज येत होता.

ताता उस्तिंग झुकलेले तसेच राहिले. ते नेहमीसारखं उत्तर तपासत होते, इस्काला कळत होतं. दोर. खिळा. कुलूप. ओठ हलत होते. त्यांची नजर तिच्या पायांपासून वर गेली, खरखरीत झालेल्या हातांवरून, बत्त्यावरून, कपाळावरच्या पांढऱ्या केसांपर्यंत. तिथं ती थांबली. एखादी गोष्ट रोज समोर असावी आणि आजच दिसावी, तसं ते बघत राहिले. मग त्यांची पाठ हळूहळू मागं गेली आणि खांबाला टेकली.

"बरोबर," ते म्हणाले.

आधी कुणाला काही कळेचना. मग एकदम सगळे बोलायला लागले.

"अहो पण ताता, आता हात कुणाला?" कुलास म्हणाला. "उत्तर देल्फिननं नाही दिलं!"

"जो सांगेल त्याला, असं म्हटलं होतं मी." ताता उस्तिंगनी डोळे मिटले होते. "तिनं सांगितलं. तिचा हात तिला. कुणाला द्यायचा ते ती बघेल."

देल्फिन शिडीवर उभाच राहिला होता. एक पाय वर, एक खाली. इस्कानं त्याच्याकडे पाहिलं तसा तो घाईघाईनं खाली बसला, त्यालाच कुणीतरी मागणी घातल्यासारखा. बायकांत खसखस पिकली.

"मग घाल की गं," चेडेंग म्हणाली. "जिंकलीस ना? आता पुढचं तू घालायचं."

इस्काला हे सुचलंच नव्हतं. इतकी जागरणं तिनं स्वयंपाकघरात ऐकली, पण तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. तिला एकही मोठं कोडं आठवेना. मग तिला पहिलं आठवलं. ती इतकीशी असताना तातांगनी बाजारातून तिच्यासाठी लाल रंगाच्या लाकडी खडावा आणल्या होत्या आणि त्या पाठीमागं लपवून तिला ते कोडं घातलं होतं. उत्तर आल्याशिवाय देईनात. शेवटी ती रडायला लागली तेव्हा त्यांनी खडावा पुढं करून स्वतःच उत्तर सांगितलं होतं.

ती वडिलांसमोर बसली.

"आपण त्याला न्यायचं, त्यानं आपल्याला न्यायचं. काय ते, तातांग?"

कुणीतरी हसलं. हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. कुलासच्या धाकटीनं तोंड उघडलंच होतं, तिच्या आईनं पटकन त्यावर हात ठेवला.

ताता उस्तिंगनी डोळे उघडले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या पलीकडे, दाराकडे. शिडीच्या तोंडाशी जागरणाला आलेल्या सगळ्यांच्या खडावा एकमेकींवर चढून पडल्या होत्या. त्यातल्या इस्काच्या जोडीवर त्यांची नजर गेली, टाचेशी झिजलेल्या, पट्टा दोनदा शिवलेल्या.

"हरलो," ते म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकत असल्यासारखी माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि ते खरंही होतं.

त्यांनी गालातला विडा काढून पानात ठेवला, कारण तो तोंडात ठेवून प्रार्थना म्हणत नाहीत. खांबाला धरून ते उठू लागले. इस्का कोपराला आधार द्यायला पुढं झाली, तर त्यांनी मान हलवली. एक गुडघा, मग दुसरा, कण्हत, त्यांनी लोला बिरांगच्या पेटीसमोर टेकला. आणि आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणायला लावलेली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.

"हे आमच्या स्वर्गातल्या बापा…"

दुसऱ्या ओळीला सगळे त्यात मिसळले. देल्फिनचा जाड आवाज शिडीवरून येत होता.

इस्का स्वयंपाकघरात आली. तिनं खलबत्ता पाण्यानं धुतला, झग्याला पुसून कोरडा केला आणि बत्त्यासकट चेडेंगच्या मांडीवर ठेवला.

"सुपारी जास्त कुटायची," ती म्हणाली. "चुना बोटाच्या टोकावर मावेल एवढाच."

चेडेंगनं खलबत्ता दोन्ही हातांनी धरला आणि मान हलवली.